कर्नल क्रॅशचे निदान : १९ जुलै २०२४ च्या घटनेवरील मूळकारण अहवालाचे चिकित्सक वाचन

सारांश : ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल कोसळल्यावर कारणाचा शोध कोठपर्यंत न्यावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. १९ जुलै २०२४ रोजी जगभरातील लाखो विंडोज संगणक एकाच वेळी बंद पडले. त्या घटनेवर क्राउडस्ट्राइक या कंपनीने ६ ऑगस्ट २०२४ रोजी प्रसिद्ध केलेला मूळकारण अहवाल येथे एक लेखन म्हणून तपासला आहे. अहवालाचे तांत्रिक सामर्थ्य मान्य करूनही निर्णयाच्या पातळीवर तो कोठे थांबतो हे दाखविले आहे. बारामती-इंदापूर परिसरातील महाविद्यालयीन संगणककक्षांना त्यातून काय घेता येईल, याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : कर्नल, क्रॅश डम्प, निदान, मूळकारण अहवाल, संगणककक्ष.

१. प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या अध्यापनात ऑपरेटिंग सिस्टिम कशी चालते याची चर्चा विस्ताराने होते. ती कोसळते कशी आणि कोसळल्यावर कारण कसे शोधावे, हा भाग मात्र बहुधा तंत्रज्ञावर सोपविला जातो. एखादी मोठी घटना घडली की या उपेक्षेची किंमत लक्षात येते.

१९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने आपल्या फाल्कन या सुरक्षा-प्रणालीसाठी एक लहानशी फाइल जगभरच्या ग्राहकांच्या विंडोज यंत्रांवर पाठविली. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेण्यात आली. मधल्या ७८ मिनिटांत ज्या यंत्रांनी ती स्वीकारली, ती निळा पडदा दाखवून थांबली. पुन्हा सुरू होताना त्यांतील बहुतेक पुन्हा थांबली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार अशा यंत्रांची संख्या सुमारे ८५ लाख होती आणि ती एकूण विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी होती. तरीही मुंबई व दिल्लीसह अनेक विमानतळांवर प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली. एकट्या इंडिगो कंपनीची सुमारे २०० उड्डाणे रद्द झाली. रिझर्व्ह बँकेच्या निवेदनानुसार देशातील १० बँका व बिगरबँक वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आला. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने तातडीची सूचना प्रसृत केली.

या घटनेसंबंधी कंपनीने २४ जुलै रोजी प्राथमिक आढावा आणि ६ ऑगस्ट रोजी सविस्तर मूळकारण अहवाल प्रसिद्ध केला. कर्नल क्रॅशच्या निदानाचा इतका तपशीलवार आणि सर्वांना वाचता येईल असा दस्तऐवज क्वचितच उपलब्ध होतो. असे निदान तीन प्रश्नांना उत्तर देते : कर्नल कोठे थांबला, का थांबला, आणि थांबण्याची ती शक्यता कोणत्या निर्णयाने शिल्लक राहिली. अहवाल पहिल्या दोन प्रश्नांना उत्कृष्ट उत्तर देतो. तिसऱ्यापाशी तो यादी करतो, विचार करीत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. कर्नल स्वतःहून का थांबतो?

आधुनिक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये अधिकाराचे दोन स्तर असतात. वापरकर्त्याचे प्रोग्राम खालच्या अधिकाराने चालतात. एखाद्या प्रोग्रामने आपल्या वाट्याबाहेरच्या मेमरीला हात घातला, तर प्रोसेसर ती कृती अडवितो आणि कर्नल तेवढा प्रोग्राम बंद करतो. इतर कामकाज अबाधित राहते. कर्नल मात्र सर्वाधिकाराने चालतो. त्याच्याबरोबर चालणारे ड्रायव्हर पुष्कळदा बाहेरच्या कंपन्यांनी लिहिलेले असतात; तरीही एकदा आत घेतल्यावर त्यांचा अधिकार कर्नलइतकाच असतो. तेथे चूक घडली तर तिला अडविणारा वरिष्ठ कोणी उरत नाही.

अशा वेळी कर्नलपुढे दोनच मार्ग राहतात. चुकीची माहिती हाताशी असताना काम पुढे रेटावे, किंवा तत्काळ सर्व व्यवहार थांबवावा. पहिल्या मार्गाने हार्ड डिस्कवरील नोंदी बिघडण्याचा धोका असतो, आणि तो बिघाड कित्येक दिवस लक्षातही येत नाही. म्हणून विंडोज दुसरा मार्ग पत्करते. लिनक्समध्ये थोडा फरक आहे. तेथे दोष मर्यादित वाटल्यास ‘उप्स’ नावाची नोंद करून संबंधित प्रक्रिया तेवढी बंद केली जाते. पुढे जाणे धोक्याचे असल्यास ‘पॅनिक’ घोषित होऊन संपूर्ण यंत्रणा थांबते.

ग्रामीण भागातील वाचकाला याचा अर्थ विद्युतपंपाच्या स्टार्टरवरून सहज समजेल. भार वाढला की ओव्हरलोड रिले पंप बंद करतो. पंप बंद पडला म्हणून रिलेला दोष देणे जितके चुकीचे, तितकेच निळ्या पडद्याला रोग समजणे चुकीचे होय. रिले बाजूला काढून थेट जोडणी करणाऱ्या शेतकऱ्याची मोटार जळते, हेही या परिसरात कोणाला सांगावे लागत नाही. निळा पडदा हे लक्षण आहे आणि त्याच वेळी संरक्षणही आहे. त्या पडद्यामागे कोणती नोंद शिल्लक राहिली, येथून निदानाला प्रारंभ होतो.

३. साक्षीचा प्रश्न

क्रॅशच्या क्षणी प्रोसेसरच्या रजिस्टरांत कोणती मूल्ये होती, कोणती आज्ञा चालू होती, त्या आज्ञेपर्यंत कोणत्या फंक्शनांच्या साखळीने येणे झाले आणि त्या वेळी मेमरीत काय होते, याची नोंद म्हणजे क्रॅश डम्प. निदानातील हा मुख्य पुरावा होय. परंतु तो नोंदविणार कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जो कर्नल नुकताच अविश्वसनीय ठरला, त्यालाच स्वतःच्या अपघाताचा पंचनामा लिहावयास सांगणे धोक्याचे असते. त्याचा डिस्क-ड्रायव्हरच बिघडलेला असेल, तर तो पंचनामा भलत्याच जागी लिहून उरलेली माहितीही नष्ट करू शकतो.

विंडोज त्यासाठी नेहमीच्या मार्गाऐवजी एक वेगळा, मर्यादित लेखनमार्ग वापरते, डम्प प्रथम पेजफाइलमध्ये उतरविते आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर त्याची स्वतंत्र फाइल करते. लिनक्समधील उपाय अधिक मूलगामी आहे. केडम्प या व्यवस्थेत मेमरीचा एक भाग आधीच राखून ठेवलेला असतो आणि तेथे दुसरा लहान कर्नल सज्ज असतो. पहिला कर्नल कोसळताच दुसरा सुरू होतो आणि पहिल्याची मेमरी जशीच्या तशी जतन करतो. साक्ष नोंदविणारा आणि अपघातग्रस्त हे येथे वेगळे केले आहेत. ही व्यवस्था २००५ मध्ये लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तीत समाविष्ट झाली. तिच्या रचनेत आयबीएमच्या भारतातील अभियंत्यांचा, विवेक गोयल आणि हरिप्रसाद नेल्लीतीर्थ यांचा, मोठा वाटा होता. कर्नल-निदानाचे हे महत्त्वाचे साधन भारतात घडले. भारतीय वर्गखोल्यांत मात्र त्याचा परिचय अभावानेच होतो.

पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराचा इतिहासही बोलका आहे. विंडोज एनटीच्या जुन्या आवृत्त्यांचा पडदा आकड्यांनी आणि ड्रायव्हरांच्या नावांनी भरलेला असे. २०१२ मधील विंडोज ८ पासून त्याची जागा उदास चेहऱ्याच्या चिन्हाने आणि एका ओळीच्या दिलगिरीने घेतली. २०२५ मध्ये विंडोज ११ साठी काळा पडदा जाहीर झाला. त्यातून चेहरा गेला. थांब्याचा संकेत आणि दोषी ड्रायव्हरचे नाव ठळक राहिले. १९ जुलैच्या अनुभवानंतर वापरकर्त्याला सांत्वनापेक्षा माहिती द्यावी, ही जाणीव या बदलात दिसते.

४. घाईचे निदान

१९ जुलै रोजी पुरावा हाती येण्याआधीच तीन निदाने प्रचलित झाली. तिन्ही चुकीची होती आणि तिन्हींची चूक वेगळ्या प्रकारची होती.

पहिले निदान भाषेचे होते. मराठी बातम्यांत आणि बोलण्यात ‘मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर डाऊन’ हा शब्दप्रयोग सर्वत्र ऐकू आला. सर्व्हर डाऊन म्हणजे दूरवरचे एखादे केंद्र बंद पडणे. तसे असते तर ते केंद्र सुरू होताच सर्व यंत्रे पूर्ववत झाली असती. प्रत्यक्षात प्रत्येक यंत्राचा स्वतःचा कर्नल कोसळत होता. म्हणूनच सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेऊनही यंत्रे सुरू झाली नाहीत. बहुतेक ठिकाणी तंत्रज्ञाने यंत्रापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये ते सुरू करून फाइल काढावी लागली. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास प्रत्येक यंत्राची स्वतंत्र किल्लीही शोधावी लागली. आदल्या रात्री मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील एका क्लाउड-विभागात स्वतंत्र बिघाड झालेला होता. त्यामुळे दोन घटनांची सरमिसळ होऊन गोंधळ वाढला. चुकीच्या शब्दाने शोधाची दिशाही चुकविली.

दुसरे निदान अर्धवट पुराव्याचे होते. समाजमाध्यमांवर एका यंत्राच्या डम्पचे चित्र फिरले. त्यातील लहान आकड्याच्या पत्त्यावरून ‘नल पॉइंटर’चा दोष ठामपणे जाहीर करण्यात आला. पुढे मायक्रोसॉफ्टने २७ जुलै रोजी आपले विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात मेमरी वाचण्यापूर्वी पत्ता शून्य आहे काय याची तपासणी संबंधित ड्रायव्हर करीत होता, असे दिसून आले. दोष वेगळा होता : वाचन ठरलेल्या सीमेबाहेर गेले होते. सीमेबाहेर त्या वेळी जे काही पडलेले असेल, तेच पत्ता म्हणून वापरले जात असल्याने तो पत्ता यंत्रागणिक वेगळा निघणे शक्य होते. एकाच डम्पवरून सामान्य निष्कर्ष काढणे का धोक्याचे, याचे हे वस्तुपाठासारखे उदाहरण होय.

तिसरे निदान योगायोगाचे होते. काही यंत्रांवरील ती फाइल केवळ शून्यांनी भरलेली आढळली आणि शून्यांमुळेच क्रॅश झाला असे मानले गेले. कंपनीने हा संबंध नाकारला. क्रॅशच्या वेळी फाइल पूर्ण लिहिली जाण्यापूर्वीच यंत्र थांबले, तर असे शून्य मागे राहू शकतात. परिणामाला कारण समजण्याची ही चूक संगणकशास्त्रापुरती मर्यादित नाही.

५. अहवालाचे सामर्थ्य

या गोंधळाच्या पार्श्वभूमीवर मूळकारण अहवालाचे महत्त्व उठून दिसते. तो क्रॅशच्या आज्ञेपासून मागे मागे जातो आणि दोष कधी जन्मला हे दाखवितो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये फाल्कनच्या ७.११ या आवृत्तीत प्रक्रियांमधील संवादावर लक्ष ठेवणारा एक नवा साचा आला. साच्याच्या व्याख्येत २१ रकाने होते. ड्रायव्हरमधील कोड मात्र २० मूल्येच पुरवीत होता. ही विसंगती पहिल्या दिवसापासून होती. तरीही ५ मार्च रोजी आणि पुढे एप्रिलमध्ये या साच्यावर आधारित फाइली सुखरूप वितरित झाल्या. त्या सर्वांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असा अर्थ असणारे चिन्ह होते, त्यामुळे ते मूल्य वाचण्याची वेळच आली नाही. १९ जुलैच्या फाइलीत प्रथमच एकविसाव्या रकान्यात ठोस अट आली. २० मूल्यांच्या यादीतून एकविसावे वाचण्याचा प्रयत्न झाला, हाती आलेला निरर्थक पत्ता वापरला गेला आणि कर्नल थांबला. ड्रायव्हर यंत्र सुरू होतानाच लोड होणारा असल्याने प्रत्येक नव्या प्रारंभी तीच घटना पुन्हा घडत राहिली.

वितरणापूर्वी फाइल तपासणारा एक स्वतंत्र प्रोग्राम होता. त्याने ती योग्य ठरविली, कारण २१ मूल्ये मिळतील असेच तोही गृहीत धरीत होता. तपासणी झाली होती. परंतु ज्या जोडाच्या जागी दोष होता, ती जागा तपासणीच्या यादीतच नव्हती.

येथे याच परिसरातील एका परिचित कथेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. इंदापूर तालुक्यातील नीरा नरसिंहपूर हे नीरा आणि भीमा यांच्या संगमावरील क्षेत्र ज्या नरसिंहाचे, त्याच्या कथेतील हिरण्यकशिपूचा वर म्हणजे सुरक्षा-अटींची एक काटेकोर यादीच आहे. माणसाकडून नाही आणि पशूकडून नाही. घरात नाही आणि बाहेर नाही. दिवसा नाही आणि रात्री नाही. यादीतील प्रत्येक कलम स्वतंत्रपणे बिनचूक आहे. मृत्यू येतो तो दोन कलमांच्या मधल्या फटीतून : उंबरठ्यावर, संधिकाळी, अर्धा नर आणि अर्धा सिंह अशा रूपात. कथेतला प्रवेश धर्मरक्षणासाठी आहे, सॉफ्टवेअरमधील दोषाला कोणताही हेतू नसतो, हा भेद उघड आहे. तथापि यादी कितीही लांब केली तरी ती पूर्णतेची हमी देत नाही, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे. साचा लिहिणाऱ्याचे काम आणि मूल्ये पुरविणाऱ्याचे काम आपापल्या जागी चालू होते. दोष त्यांच्या सांध्यात होता.

अहवाल एकूण सहा निष्कर्ष मांडतो. रकान्यांची संख्या कोड संकलित होतानाच पडताळली गेली नाही. प्रत्यक्ष वाचनाच्या वेळी सीमा-तपासणी नव्हती. चाचण्यांत पुरेशी विविधता नव्हती. तपासणी-प्रोग्राममध्ये तार्किक चूक होती. तयार फाइल प्रत्यक्ष वाचक-घटकात चालवून पाहिली गेली नाही. आणि वितरण टप्प्याटप्प्याने केले गेले नाही. यांपैकी सीमा-तपासणी २५ जुलै रोजी जोडली गेल्याचे अहवाल नमूद करतो. चूक, तिचा इतिहास आणि उपाय यांची इतकी स्पष्ट कबुली व्यावसायिक जगात विरळ आहे. ती प्रशंसनीय मानली पाहिजे.

६. अहवालाच्या मर्यादा

अहवालाची पहिली मर्यादा त्याच्या मांडणीत आहे. सहाही निष्कर्ष एकाच ओळीत, एकाच वजनाने येतात. त्यांतील पहिले पाच दोष निर्माण होणे आणि तो न सापडणे यांच्याशी संबंधित आहेत. सहावा निराळ्या जातीचा आहे. पहिल्या पाच चुका जशाच्या तशा राहिल्या असत्या आणि फाइल आधी थोड्या यंत्रांवर पाठविली गेली असती, तर हानी तेवढ्यापुरती सीमित राहिली असती. कोट्यवधी ओळींच्या प्रणालीत दोष राहणारच. तो एका क्षणी सर्वत्र पोहोचू द्यावा की नाही, हा मात्र निर्णयाचा भाग आहे. यादीच्या रूपामुळे हा भेद पुसला जातो.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे आणि ती एका शब्दात दडलेली आहे. कंपनी आपल्या वितरणाचे दोन प्रकार मानते. ड्रायव्हरची नवी आवृत्ती हा एक प्रकार. ग्राहक ती एक-दोन आवृत्त्या मागे ठेवू शकतो. जलद प्रतिसादासाठी पाठविलेला ‘आशय’ हा दुसरा प्रकार. तो थेट पोहोचे आणि त्याच्या वेळेवर ग्राहकाचे नियंत्रण नसे. हा आशय म्हणजे कोड नव्हे, ती केवळ मांडणीची माहिती आहे, अशी कंपनीची भूमिका प्राथमिक आढाव्यात स्पष्टपणे येते. कोडला लागू असलेली सावधगिरी आशयाला लागू झाली नाही, ती या वर्गीकरणामुळे. ड्रायव्हरची रीतसर प्रमाणीकरण-प्रक्रिया झाली होती. परंतु तो जी फाइल वाचणार, ती त्या प्रक्रियेच्या बाहेर होती.

संगणकशास्त्राच्या दृष्टीने हे वर्गीकरण टिकणारे नाही. प्रोग्राम आणि माहिती एकाच मेमरीत राहतात. जी माहिती वाचून दुसरा घटक आपली कृती ठरवितो, ती त्या घटकापुरती प्रोग्रामच असते. कर्नलमध्ये बसलेल्या वाचक-घटकाला दिलेला आशय हा कर्नलच्या अधिकाराने अमलात येणारा आदेश ठरतो. त्याला ‘माहिती’ म्हटल्याने त्याचा परिणाम सौम्य होत नाही. अहवाल हे वर्गीकरण वर्णनासाठी वापरतो. त्याची चिकित्सा करीत नाही. उपाययोजनेत टप्पेनिहाय वितरण आणि ग्राहकाला अधिक नियंत्रण यांचा समावेश झाला, म्हणजे आशयाला कोडची शिस्त लागू करणे कंपनीने व्यवहारात स्वीकारले. ज्या गृहीतकामुळे ही शिस्त आधी नाकारली गेली, त्याचे नाव मात्र ‘मूळकारण’ म्हणून सहा निष्कर्षांत कोठेही येत नाही.

तिसरी मर्यादा वाक्यरचनेची आहे. अहवालातील कर्ते बहुधा यंत्रणेचे घटक आहेत : तपासणी-प्रोग्रामने मान्य केले, वाचक-घटकाने वाचले. व्यक्तीला दोष न देता घटनेचा अभ्यास करावा, ही संगणक-व्यवसायातील पद्धत योग्यच आहे. दोषारोपाच्या भीतीने माणसे पुरावा लपवितात. परंतु व्यक्तीचे नाव वगळणे आणि निर्णय वगळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आशयाचे वितरण सर्वत्र एकदम व्हावे, हा निर्णय कोणत्या विचाराने घेतला गेला, त्याला पर्याय सुचविला गेला होता काय, हे कोणाचेही नाव न घेता सांगता आले असते.

येथे कंपनीच्या बाजूनेही एक युक्तिवाद आहे आणि तो दुर्लक्षणीय नाही. हल्लेखोर तासांच्या हिशेबाने बदलत असतात. टप्पे पाडले तर शेवटच्या टप्प्यातील ग्राहक तेवढा वेळ असुरक्षित राहतो. तथापि १९ जुलैचा दोष यंत्रावर पोहोचताच प्रकट होणारा होता. पहिल्या लहान गटात काही मिनिटे थांबले असते तरी तो उघड झाला असता. वेग आणि सावधगिरी यांतील खरा तोल दिवसांचा नसून मिनिटांचा होता.

सुरक्षा-प्रणालीने कर्नलमध्ये राहावेच काय, हा प्रश्नही याच घटनेने पुढे आणला. ॲपलने २०१९-२० पासून बाहेरच्या कंपन्यांना कर्नलबाहेर नेण्यास प्रारंभ केला होता. मायक्रोसॉफ्टच्या प्रवक्त्याने त्या वेळी युरोपीय आयोगाशी २००९ मध्ये झालेल्या समझोत्याकडे बोट दाखविले. पुढे २०२५ मध्ये अशा उत्पादनांना कर्नलबाहेर चालता यावे, यासाठीची व्यवस्था मायक्रोसॉफ्टने भागीदार कंपन्यांना चाचणीसाठी देऊ केली. म्हणजे अहवालाबाहेर राहिलेल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुढील वर्षभर इतरांनी शोधले.

७. महाविद्यालयीन संगणककक्षाचा संदर्भ

क्राउडस्ट्राइकच्या अहवालावर टीका करताना स्वतःच्या आचरणाकडे पाहणे प्राप्त आहे. ग्रामीण महाविद्यालयाच्या संगणककक्षात एखादे यंत्र निळा पडदा दाखविते, तेव्हा तीन शब्द ऐकू येतात : ‘हँग झाला’, ‘व्हायरस आला’ आणि ‘फॉरमॅट मारा’. यांपैकी कोणत्याही शब्दात ‘कोठे थांबला’ या पहिल्या प्रश्नाचेही उत्तर नाही. फॉरमॅट करण्याने यंत्र पुष्कळदा सुरू होते, म्हणून तो उपाय वाटतो. प्रत्यक्षात त्याने पुरावा नष्ट होतो आणि तोच दोष महिन्याभराने परत येतो. रॅमची पट्टी काढून तिचे टोक खोडरबराने पुसण्याची सर्वपरिचित पद्धत त्यामानाने अधिक शास्त्रीय म्हणावी लागेल. तिच्यामागे निदान संपर्कबिंदूवर मळ साचल्याचे एक गृहीतक तरी आहे.

कक्ष-सहायकाकडे वेळ नसतो, विद्यार्थी परीक्षेसाठी खोळंबलेले असतात आणि डम्पमधील आकडे सर्वांना वाचता येत नाहीत, हे खरे आहे. परंतु प्राथमिक निदानाला फार मोठ्या ज्ञानाची गरज नसते. थांब्याचा संकेत आणि ड्रायव्हरचे नाव वहीत टिपावे, तारीख-वेळ लिहावी आणि फॉरमॅटपूर्वी मिनीडम्प फोल्डरची प्रत काढून ठेवावी. प्रत्येक वेळी तोच ड्रायव्हर दिसत असेल तर संशय त्याच्यावर जातो. दर वेळी वेगळाच संकेत येत असेल तर रॅम, वीजपुरवठा किंवा धुळीने तापलेला प्रोसेसर यांकडे वळावे आणि मेमरी-चाचणी चालवावी. एकाच दिवशी अनेक यंत्रे बंद पडली तर नुकतेच काय बसविले गेले हे पाहावे. एवढी नोंदवही वर्षभर ठेवली, तरी त्या कक्षाचे स्वतःचे निदानशास्त्र तयार होईल.

अध्यापनातही भर घालता येईल. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकांत सीपीयू शेड्युलिंग, बँकर्स अल्गोरिदम आणि पेज रिप्लेसमेंट यांची सी भाषेतील अनुकरणे करून घेण्याची पद्धत रूढ आहे. ती आवश्यक आहेतच. त्यांच्या जोडीला आभासी यंत्रावर लिनक्स बसवून, केडम्प सुरू करून, हेतुपुरस्सर पॅनिक घडवून आणावा आणि मिळालेला डम्प ‘क्रॅश’ या साधनाने उघडून दाखवावा. यासाठी वेगळ्या खर्चाची गरज नाही; सर्व साधने मुक्त आहेत. आज्ञेपासून फंक्शनांच्या साखळीतून मागे जात कारणापर्यंत पोहोचणे, हा अनुभव विद्यार्थ्याला तर्कशास्त्राच्या तासिकेइतकाच उपयोगी पडेल.

भाषेचा प्रश्न शेवटी उरतो. अच्युत गोडबोले यांच्यासारख्या मराठी लेखकाने ऑपरेटिंग सिस्टिम या विषयावर इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिले आणि मराठीतही संगणकविषयक विपुल लेखन केले. तरीही बिघाडाचे नेमके वर्णन करणारी बोली मराठी वर्गात रुजलेली नाही. ‘सर्व्हर डाऊन’ हा एकच शब्द तलाठी कार्यालयातील सातबाऱ्यापासून विमानतळापर्यंत सर्वत्र पुरेसा मानला जातो. नेटवर्क तुटले, दूरचे केंद्र बंद पडले, प्रोग्राम अडकला की यंत्राचा कर्नल कोसळला, हे चार प्रसंग चार वेगळ्या शब्दांत सांगता आले पाहिजेत. उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरील संगणक बंद पडला, तर बाहेर खोळंबलेल्या बैलगाड्यांच्या दृष्टीने या चार शब्दांतील फरक तासांचा असतो.

८. समारोप

कर्नल क्रॅशचे निदान हे केवळ आकडे वाचण्याचे तंत्र नाही. पुरावा जपणे, घाईचे निष्कर्ष टाळणे आणि यंत्रापासून निर्णयापर्यंत मागे जाणे, या तीन सवयींचा तो समुच्चय आहे. ६ ऑगस्ट २०२४ चा अहवाल पहिल्या दोन सवयींचा आदर्श ठरतो. २० आणि २१ यांतील अंतर त्याने नेमके दाखविले. ‘आशय’ आणि ‘कोड’ यांतील अंतर मात्र त्याने तपासले नाही. महाविद्यालयांनी तो अहवाल वर्गात वाचावा, आणि त्याच वेळी आपल्या संगणककक्षात पुढचे यंत्र फॉरमॅट करण्यापूर्वी त्याची नोंद घेतली जाते की नाही हेही पाहावे. या वाचनाची कसोटी त्या नोंदवहीतच लागेल.